नेफ्यात अडकलेली नाडी

पहाटे साडेपाचला चहाचं आधण ठेवायला उठलेल्या बाईच्या लक्षात येतं, की उजव्या हाताची अनामिका मिटलेलीच राहिली आहे. बाकीची बोटं उघडतात, हे एक मात्र तळहाताकडे वाकून बसलंय. ती जोर लावते, पण ते हलत नाही. मग डाव्या हाताच्या चिमटीत बोट धरून हळूच वर ओढते. आत काहीतरी ‘कट्’ होतं आणि बोट झटक्यात ताठ उघडतं. कळ थेट मनगटापर्यंत जाते. दहा वाजता ती शिलाई मशीनवर बसते तेव्हा बोट बऱ्यापैकी सुटं झालेलं असतं, त्यामुळे कामाच्या गडबडीत सकाळचं दुखणं मागे पडतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

महिन्या-दोन महिन्यांनी अशी बाई दवाखान्यात येते. “कुठे दुखतं?” असं विचारलं की बोटाच्या मधल्या सांध्यावर दुसरं बोट ठेवते. खटका तिथेच जाणवतो, त्यामुळे मलम तिथे चोळलेलं असतं, शेकही तिथेच दिलेला असतो. डॉक्टर मात्र तिचा तळहात उताणा करतात आणि बोट जिथे तळहाताला मिळतं त्याच्या किंचित खाली, आडव्या रेषेवर आपला अंगठा टेकवतात. “ताई, मूठ मिटा. आता उघडा.” अंगठ्याखालून वाटाण्याएवढी एक गाठ मागेपुढे सरकते. “आई गं!” असं म्हणून ती हात मागे घेते. दुखण्याचं मूळ सापडलेलं असतं, आणि ती दाखवत होती त्या जागेपासून दीड-दोन इंच दूर.

या आजाराला डॉक्टर ट्रिगर फिंगर म्हणतात. पण अडकणारं प्रत्येक बोट ट्रिगर फिंगर नसतं आणि प्रत्येक ट्रिगर फिंगरचं कारण हातातच असतं असंही नाही. खटका नेमका कुठे पडतो आणि का पडतो, हे दोन्ही शोधावं लागतं.

बोटात स्नायू नसतात

बोट हलवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. मूठ आवळून दुसऱ्या हाताने तो भाग चाचपला की ते ताठरताना कळतात. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, मनगटातून आणि तळहातातून बोटांकडे जातात. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या अशा दोन कंडरा आहेत, अंगठ्याला एक.

या दोऱ्या हाडाला लगटून राहाव्यात म्हणून वाटेत जागोजाग कडी बसवलेली असतात. ही कडी नसती, तर मूठ मिटताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून कातडीला ताणत वर आली असती. बोटात अशी पाच गोल कडी आणि त्यांच्यामध्ये तीन फुलीसारखे बंध असतात. त्यातलं पहिलं कडं तळहातात, बोटाच्या मुळाशी आहे. मूठ घट्ट आवळली की सगळ्यात जास्त ताण त्याच्यावर येतो.

पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. नेफा धुऊन आटला की नाडी घासत चालते. नाडीला मध्येच गाठ पडली असेल तर ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, जोर लावल्यावर एकदम आत जाते आणि मग परत निघता निघत नाही. हातात नेमकं हेच होतं. कडं जाड होतं, आतली वाट अरुंद होते आणि घासून घासून कंडरेवर गाठ येते. बोट मिटताना ती गाठ कड्याच्या मागे, मनगटाकडे जाते. मिटवणारे स्नायू बळकट असल्यामुळे ते तिला ओढून नेतात. उघडणारे स्नायू त्या मानाने दुबळे असतात. त्यांना गाठ परत आणता येत नाही आणि बोट मिटलेलं राहतं.

रात्री झोपेत बोटं अर्धवट वाकलेली असतात. हालचाल थांबल्यामुळे ऊतींमध्ये थोडं पाणी साठतं, वाट आणखी अरुंद होते. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. दिवस वर येतो तशी हालचालीने सूज ओसरते आणि माणसाला वाटतं, बरं झालं.

कापून काढलेलं कडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिथे दाहाच्या पेशी फारशा दिसत नाहीत. सतत दाबाखाली राहून कड्याच्या आतल्या थरातल्या पेशी कूर्चेच्या पेशींसारख्या झालेल्या असतात. शरीराने दाब सोसण्यासाठी तिथे जणू गादी घातलेली असते आणि तीच वाट बुजवते. केवळ सूज उतरवणाऱ्या गोळ्या खाऊन हा खटका सहसा का जात नाही, त्याचं उत्तर या बदलात आहे.

नोटाची गाठ

आल्फोन्स नोटा या फ्रेंच डॉक्टरने १८५० मध्ये या दुखण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वाकवणाऱ्या कंडरांच्या वाटेवर गाठ येते आणि तिच्यामुळे हालचाल अडते, हे त्याने नोंदवलं. ती गाठ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. फ्रेंच लोक या आजाराला स्प्रिंगचं बोट म्हणत. इंग्रजी नावाने बंदुकीचा घोडा डोळ्यासमोर येतो आणि अनेकांची समजूत होते, की दुखणं तर्जनीचं असणार. प्रत्यक्षात तर्जनी क्वचित अडकते. अंगठा आणि अनामिका यांची पाळी आधी येते, मधलं बोट त्यांच्या पाठोपाठ.

शंभर माणसांत दोघा-तिघांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. पन्नाशी-साठीच्या बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. काम हे कारण लगेच सुचतं. कात्री, लाटणं, पाना, नाशिककडच्या द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत दिवसभर चालणारा सिकेटर, अशी तळहातात रुतणारी अवजारं घट्ट धरून वारंवार दाबली की कड्यावर ताण येतो हे खरं. पण त्याच बागेत, त्याच अवजाराने छाटणी करणाऱ्या बहुतेकांची बोटं अडकत नाहीत. कामामुळे खटका उघड होतो. त्याची तयारी कधी कधी शरीरात आधीच झालेली असते.

हात दाखवतो आणि रक्त सांगतं

मधुमेह असलेल्यांत ट्रिगर फिंगरचं प्रमाण शंभरात दहापर्यंत जातं. रक्तातली जादा साखर कोलॅजेन या प्रथिनाला चिकटते आणि त्याचे धागे एकमेकांना जखडतात. कंडरा आणि कडी दोन्ही मुख्यतः कोलॅजेनचीच असल्यामुळे ती जाड आणि ताठर होतात. अशा रुग्णांत एकाच वेळी दोन-तीन बोटं, कधी दोन्ही हातांची बोटं अडकतात. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. प्रौढांत हे प्रमाण ११.४ टक्के. यातल्या अनेकांना आपल्याला मधुमेह आहे याचाच पत्ता नसतो. एकाहून जास्त बोटं अडकत असतील तर रक्तातली साखर, शक्यतो तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी, करून घेणं शहाणपणाचं आहे.

मधुमेहात बोटं आणखी एका प्रकारे आखडतात आणि ती खूण आपल्या रोजच्या सवयीत दडलेली आहे. नमस्कारासाठी हात जोडले की तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण चिकटली पाहिजेत. ज्याच्या बोटांचे सांधे आणि कातडी साखरेने ताठर झाली आहे, त्याच्या बोटांमध्ये फट राहते. फ्लोरिडातल्या रोझेनब्लूम आणि फ्रियास या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मधुमेही मुलांमधल्या या आखडण्याकडे लक्ष वेधलं. वैद्यकाच्या पुस्तकांत ही प्रार्थनेची खूण म्हणून प्रसिद्ध आहे. यात खटका पडत नाही, दुखतही नाही. बोटं नुसती पुरती सरळ होत नाहीत.

मधुमेहाखेरीज इतर धागेही तपासावे लागतात. थायरॉइड मंदावलेल्या रुग्णांत बोटं अडकलेली आढळतात. संधिवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, कंडरेभोवतीचं अस्तर सुजून वाट बुजवतं. गाउटमध्ये युरिक आम्लाचे खडे कंडरेत जमतात. स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षं घ्याव्या लागणाऱ्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांनी सांधे आखडतात आणि बोटं अडकू शकतात. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता कर्करोगतज्ज्ञांना सांगायचं असतं. मनगटातली नस दाबली जाऊन हाताला मुंग्या येण्याचा आजार, कार्पल टनेल सिंड्रोम, आणि ट्रिगर फिंगर अनेकदा जोडीने येतात.

या जोडीमागे क्वचित अमिलॉइडोसिस असतो. त्यात एक विकृत प्रथिन ऊतींमध्ये साचत जातं. ते आधी मनगटात आणि कड्यांत साचतं, काही वर्षांनी हृदयाच्या भिंतीत. म्हणून दोन्ही हातांना मुंग्या, अनेक बोटांत खटका आणि सोबत चढण चढताना दम लागणं, असं सगळं एका वयस्क माणसात दिसलं तर जाणकार डॉक्टर हृदयाचीही तपासणी करायला सांगतात.

बाळाचा अंगठा

दीड-दोन वर्षांच्या बाळाला न्हाऊ-माखू घालताना आजीच्या लक्षात येतं, की एका अंगठ्याचं वरचं पेर सरळ होत नाही. अंगठ्याच्या मुळाशी एक टणक फुगवटीही लागते. घरात धसका बसतो: पडलं असेल, हाड मोडलं असेल. काही वेळा आधी एक्स-रे काढला जातो आणि त्यात काहीच सापडत नाही.

हा लहान मुलांचा ट्रिगर थम्ब. पूर्वी तो जन्मजात मानत. पण नवजात बाळांचे अंगठे मुद्दाम तपासणाऱ्या अभ्यासांत जन्मतः तो आढळला नाही. तो पुढे उद्भवतो. मोठ्यांसारखा ‘कट्’ आवाज इथे फारसा ऐकू येत नाही, पेर वाकलेलंच राहतं. सोलमधल्या डॉक्टरांनी अशा ७१ अंगठ्यांकडे कोणताही उपचार न करता काही वर्षं लक्ष ठेवलं. ६३ टक्के आपोआप सुटले. म्हणून घाईने शस्त्रक्रिया करण्याऐवजी काही काळ थांबता येतं. मात्र लहान मुलाचं अंगठा सोडून दुसरं बोट अडकत असेल, तर ते वेगळं प्रकरण असतं. त्यामागे कंडरांची वेगळी रचना किंवा क्वचित चयापचयाचा जन्मजात विकार असू शकतो.

खटका दुसरीकडे असतो तेव्हा

आता तळहातात गाठ नाही, कड्यावर दाबून दुखत नाही, तरी बोट अडतं. अशा वेळी खटका कुठे?

एखाद्याची तर्जनी मुळाच्या सांध्यात, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणाऱ्या उंचवट्यापाशी अचानक अडते. बोट पूर्ण मिटतं, पुढचे दोन सांधे छान हलतात, पण मुळाचा सांधा काही अंशांपुढे उघडत नाही. इथे दोष सांध्यातच असतो. हाडाच्या वाढलेल्या टोकाला सांध्याच्या बाजूचा बंध अडकून बसतो. ट्रिगर फिंगर समजून असं बोट जोरात ओढलं तर इजा होऊ शकते.

कधी दोष हाताच्या पाठीवर असतो. बोट उघडणारी कंडरा उंचवट्याच्या मधोमध चालते आणि दोन्ही बाजूंचे पातळ पट्टे तिला जागेवर धरून ठेवतात. मुष्टिप्रहाराने किंवा संधिवाताने पट्टा फाटला की मूठ वळताना कंडरा बाजूच्या खळगीत घसरते. खटका डोळ्यांना दिसतो. रुग्णाला मिटलेलं बोट स्वतः उघडता येत नाही, पण दुसऱ्याने सरळ करून दिलं तर ते तसंच धरून ठेवता येतं.

तळहाताच्या कातडीखाली दोरखंडासारखी जाड वळी येऊन अनामिका आणि करंगळी हळूहळू वाकत गेली, तर तो ड्युपुट्रेनचा आजार. पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयातले शल्यविशारद गियोम ड्युपुट्रेन यांनी १८३१ मध्ये त्याच्यावरची शस्त्रक्रिया आणि व्याख्यान यांतून तो प्रसिद्ध केला. उत्तर युरोपात तो इतका आढळतो, की त्याला वायकिंगांचा आजार म्हणतात. मार्गारेट थॅचर आणि रोनाल्ड रेगन या दोघांच्याही हातांवर त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती. भारतीयांत तो तुरळक दिसतो. त्यात ‘कट्’ होत नाही आणि डाव्या हाताने ओढूनही बोट सरळ होत नाही. तळहात टेबलावर पालथा ठेवला की तो सपाट टेकत नाही, एवढ्यावरून संशय पक्का होतो.

भारतात दोन शक्यता विसरून चालत नाहीत. पहिली क्षयाची. क्षयाचे जंतू फुप्फुसातच राहतात असं नाही. ते कंडरांभोवतीच्या अस्तरात शिरले तर मनगटाच्या वर आणि खाली सूज येते आणि आत तांदळाच्या दाण्यांसारखे कण तयार होतात. दुसरी कुष्ठरोगाची. जगातल्या कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. कोपराजवळची नस त्यात निकामी झाली की अनामिका आणि करंगळी पंजासारख्या वाकतात. इथे बोट अडकलेलं नसतं. त्याला सरळ करणारं बळ गेलेलं असतं आणि त्या भागाला चटका बसला तरी कळत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा हातांत दुसरीकडच्या कंडरा फिरवून बसवल्या आणि मिटून गेलेली बोटं पुन्हा कामाला लावली.

आणि कधी हातात सगळं ठीक असूनही बोट वळतं. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९६० च्या दशकाच्या मध्यावर आपोआप तळहाताकडे वळू लागली. हा मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेतला बिघाड, फोकल डिस्टोनिया. त्यांनी अनेक वर्षं फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवलं, विद्यार्थ्यांना शिकवलं, वाद्यवृंद हाताळले. पुढे बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांची मदत मिळाली आणि २००४ मध्ये ‘टू हँड्स’ हा त्यांचा दोन हातांनी वाजवलेला अल्बम आला. लिहिताना हात वळणं, म्हणजे रायटर्स क्रॅम्प, याच जातीचा. नेमकं एकच काम करताना बोट वळतं आणि ते काम सोडलं की सुटतं, ही त्याची ओळख.

या सगळ्यांत घाईची वेळ एकच. बोटाला काटा, सुई किंवा मासळीचं हाड लागल्यावर एक-दोन दिवसांत अख्खं बोट सुजलं, अर्धवट वाकलेलं राहिलं, तळव्याकडच्या बाजूने दाबताच दुखू लागलं आणि जरा सरळ करायला गेलं तरी असह्य कळ आली, तर कंडरेच्या नळीत पू झालेला असण्याची शक्यता आहे. शिकागोचे शल्यविशारद अ‍ॅलन कॅनव्हेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगितलेल्या या चार खुणा आजही डॉक्टर पाठ करतात. अशा बोटाला रात्रभर शेक देत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

नेफा उसवणं

साध्या ट्रिगर फिंगरची सुरुवात असेल तर कामाची पकड बदलून आणि बोटाला काही आठवडे पट्टी बांधून पाहतात. पट्टीने मुळाचा सांधा सरळ राहतो, त्यामुळे गाठ कड्यात फारशी ये-जा करत नाही. त्याने भागलं नाही तर कड्यापाशी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात. निम्म्याहून अधिक रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. मधुमेहात यश कमी मिळतं आणि इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे ती घरी तपासत राहावी लागते. बोट ओढून कडाकडा मोडणं, कुणाकडून चोळून घेणं याने गाठ आणखी डिवचली जाते.

तरीही खटका राहिला तर कडं मोकळं करावं लागतं. जाड सुईने कातडी न उघडता किंवा एक-दीड सेंटिमीटरचा छेद घेऊन, दोन्ही प्रकारे ते होतं. अंगठ्याच्या कड्यावरून संवेदनेची बारीक नस तिरकी जाते, म्हणून तिथे सुई चालवताना जास्त जपावं लागतं. संधिवाताच्या रुग्णात कडं कापलं तर बोटं करंगळीच्या दिशेला आणखी कलण्याची भीती असते. तिथे शक्यतो कडं राखून सुजलेलं अस्तर काढतात.

शस्त्रक्रियेत फक्त जागा बधिर करतात. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो आणि त्याचा उपयोग होतो. पहिलं कडं कापून झाल्यावर सर्जन टाके घालण्याआधी सांगतात, “ताई, मूठ मिटा. आता उघडा.” बोट मिटतं, उघडतं. “पुन्हा.” पुन्हा मिटतं, उघडतं. कुठेच अडत नाही. कड्याचा एखादा धागा राहून गेला असेल तर तो याच वेळी कळतो आणि तिथल्या तिथे कापता येतो.

टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. बोट हलवायला मात्र त्याच संध्याकाळपासून सांगितलेलं असतं. शिवणकाम करणारी ती बाई टाके काढायला येते तेव्हा तिच्या पिशवीत रक्ततपासणीचा कागद असतो. बोटामुळे करायला सांगितलेली एचबीए१सी चाचणी ८.२ आली आहे. डॉक्टर तळहातावरची बारीक रेघ पाहतात, बोट मिटवून-उघडवून बघतात आणि मग तो कागद समोर घेऊन तिला बसायला सांगतात. आजच्या भेटीत बोटाला दोन मिनिटं पुरतात. साखरेबद्दल बोलण्यात पुढचा अर्धा तास जातो.